वाफेवाल्या मावशींची अळंबी

ऑपरेशन थिएटरमध्ये मी सतरा वर्षं सिस्टर होते आणि त्या सतरा वर्षांत मला एकाच माणसाची भीती वाटायची. सर्जनची नाही. सर्जन ओरडायचे आणि विसरून जायचे. वाफेवाल्या मावशी ओरडायच्या नाहीत, आणि विसरायच्याही नाहीत.

थिएटरच्या मागे हत्यारं निर्जंतुक करायची खोली होती. तिथलं ते मोठं वाफेचं यंत्र सव्वीस वर्षं मावशींच्या ताब्यात होतं. कात्र्या, चिमटे, सुया, कापडाच्या घड्या असं सगळं धुऊन, पुसून, गोल डब्यांत भरून त्या यंत्रात लावायच्या. बाहेर काढल्यावर प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी, पट्टीवर तारीख, वेळ आणि सही. सही म्हणजे एक गोल आणि त्याला शेपूट. दवाखान्यात मावश्या पुष्कळ, म्हणून ह्या वाफेवाल्या. सव्वीस वर्षांत त्यांच्या डब्यामुळे एकाही पेशंटची जखम चिघळली नाही. हे त्या स्वतः कधी बोलायच्या नाहीत. दुसरं कुणी बोललं तर मात्र हातातलं काम थांबवून ऐकायच्या.

एकदा एका तरुण डॉक्टरनं भरलेला डबा उगाच उघडून पाहिला आणि झाकण लावून परत ठेवला. मावशी म्हणाल्या, "आता हा पुन्हा वाफेला लावावा लागेल." तो हसून म्हणाला, "इतकं काय होतंय, मावशी?" मावशींनी डबा उचलून पुन्हा वाफेला लावला. पण त्यानंतर वर्षभर त्या डॉक्टरला त्याच्या मापाचे हातमोजे मिळाले नाहीत. कधी अर्धं माप लहान, कधी अर्धं मोठं. योगायोग म्हणायचा आणि गप्प बसायचं, असं आम्ही सगळ्यांनी ठरवलं होतं.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. नवरा शिंपी, एका कानानं कमी ऐकणारा. कोणत्या कानानं, ते बोलणं काय चाललंय त्यावर अवलंबून. मुलगा नोकरीसाठी लांब गेलेला. त्याची मागची पत्र्याची खोली रिकामी पडली होती, आणि मावशींना रिकामी खोली आणि रिकामे हात दोन्ही बघवत नव्हते. अशात कुणीतरी दाराच्या फटीतून एक रंगीत कागद टाकून गेलं. घरबसल्या मशरूम शेती. पन्नास पिशव्यांचा संच घ्या, प्रत्येक पिशवीतून तीन किलो माल काढा, सगळा माल आम्हीच हमीभावानं विकत घेऊ.

हे केंद्र चालवणाऱ्या माणसाला सगळे 'सर' म्हणायचे. चाळिशीतला, गोरापान. गळ्यात टाय, टायवर छोट्या छोट्या अळंब्यांची नक्षी. मावशी त्याला पहिल्या दिवसापासून टायवालाच म्हणायच्या, तेव्हा राग नव्हता तरी. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी पन्नास पिशव्यांचा संच घेतला. त्यात सुकं काड म्हणजे भाताचा पेंढा, पिशव्या, अळंबीच्या बियाण्याची पाकिटं आणि एक पुस्तिका होती. पुस्तिका त्यांनी दोनदा वाचली आणि मला म्हणाल्या, "सिस्टर, हे तर आपलंच काम आहे हो. काड भिजवायचं, वाफ द्यायची, स्वच्छ हातांनी थर लावायचे, तोंड बांधायचं आणि वाट बघायची. फरक एवढाच की तिकडे काही उगवू नये म्हणून धडपडायचो, इकडे एकच उगवावं म्हणून."

पंधरा दिवसांत काडावर पांढरी जाळी पसरायला हवी होती. पसरली हिरवी. पहिल्या आठवड्यात बोटाएवढे ठिपके, मग शेवाळलेल्या भिंतीसारख्या पिशव्याच्या पिशव्या. पन्नासांतल्या एक्केचाळीस गेल्या. उरलेल्या नऊंतून जे काही आलं, ते केंद्रानं 'दर्जा कमी' म्हणून परत पाठवलं.

दर महिन्याला केंद्राचा मेळावा असायचा. मावशींनी एक हिरवी पिशवी कागदात गुंडाळून घेतली आणि मला म्हणाल्या, "चला माझ्याबरोबर. चार शब्द इंग्रजीत बोलायची वेळ आली, तर तुम्ही बोला." मी गेले.

छोटा हॉल, साठेक माणसं. मावशी उभ्या राहिल्या आणि पिशवी दाखवून शांतपणे म्हणाल्या, "सर, सगळं पुस्तिकेप्रमाणे केलं. तरी असं का झालं?"

टायवाला माइक घेऊन खाली उतरला. हसत हसत आला. "मावशी, जरा हात बघू." त्यांचा हात धरून त्यानं लोकांकडे वळवला. वाफेनं आणि सोड्यानं सव्वीस वर्षांत तो हात खरखरीत, डागाळलेला झाला होता, नखांच्या कडा कायमच्या पिवळ्या. "काय काम करायचात?"

"दवाखान्यात होते. हत्यारं धुवायची, वाफेला लावायची."

"ऐकलंत?" तो लोकांना म्हणाला. "उभं आयुष्य घाणीत गेलं. रक्त, पू, जंतू. ते हात बियाण्याला लागले तर बियाणं काय करणार बिचारं? मी नेहमी सांगतो, हा स्वच्छ लोकांचा धंदा आहे." आणि टेबलावरच्या बक्षिसांतून त्यानं साबणाची एक वडी उचलून मावशींच्या हातात ठेवली. "ही आमच्याकडून भेट."

हॉल हसला. कुणी मोठ्यानं, कुणी ओठांत. मावशींनी वडी टेबलावर परत ठेवली, पिशवी पुन्हा कागदात गुंडाळली आणि खाली बसल्या. मी शेजारीच होते. ह्या बाईच्या हातांमुळे किती लोक जिवंत घरी गेले, हे त्या हॉलमध्ये मला एकटीला माहीत होतं. पण माइक त्याच्याकडे होता, साठ डोकी आमच्याकडे वळलेली होती, आणि मी मूग गिळून बसले.

बाहेर रस्त्यावर आल्यावर त्यांनी मला एवढंच विचारलं, "तुमच्या तोंडाला काय झालं होतं, सिस्टर?" आणि त्या चालायला लागल्या. पुढे चार महिने त्या माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. त्या चार महिन्यांतलं जे सांगतेय ते मला शिंपीकाकांकडून कळलं. मी ब्लाउज टाकायच्या निमित्तानं जायची आणि ते तेवढ्यापुरते दोन्ही कानांनी ऐकायचे.

मावशींनी आधी स्वतःला तपासलं. खरंच आपले हात चुकले असतील तर? काकांच्या नावानं त्यांनी केंद्रातून बियाण्याचं नवं पाकीट आणवलं. शेतकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून दुसरं आणलं. गहू शिजवून काचेच्या तीन बाटल्यांत भरला आणि तिन्ही प्रेशर कुकरमध्ये भरपूर वेळ वाफवल्या. एकीत टायवाल्याचं बियाणं, दुसरीत महाविद्यालयाचं, तिसरीत काहीच नाही. चिकटपट्टी, तारीख, वेळ, सही. पाचव्या दिवशी टायवाल्याची बाटली हिरवी झाली. महाविद्यालयाची दुधासारखी पांढरी. तिसरी जशीच्या तशी.

त्यांनी तेवढ्यावर विश्वास ठेवला नाही. "एकदा कुणाचंही चुकू शकतं," म्हणाल्या, आणि पंधरा-पंधरा दिवसांनी आणखी दोनदा तेच केलं. तिन्ही वेळा त्याचीच हिरवी.

"झालं ना आता?" काका म्हणाले. "कळलं ना तुझं काही चुकलं नव्हतं? मग सोड की."

"मला कळलं हो. त्या साठ जणांना कुठे कळलंय?"

"अगं, ते विसरलेसुद्धा असतील."

"मग आठवण करून द्यावी लागेल."

मावशींनी डूख धरला, असं मी म्हणते. साप डूख धरतो म्हणतात, ते खरं की खोटं मला माहीत नाही. बाईनं धरलेला मी पाहिलाय. त्यात आरडाओरडा नसतो. रोजचा स्वयंपाक होतो, झाडलोट होते, विनोदाला हसणंही होतं, आणि ह्या सगळ्याच्या खाली चूल पेटलेली राहते.

त्यांनी आधी धंदा शिकून घेतला. महाविद्यालयाच्या बियाण्यावर आधी दहा पिशव्या, मग तीस, मग शंभर. खोलीला आतून पांढरा चुना, खिडक्यांना ओलं पोतं, जमिनीवर वाळू आणि त्यावर दिवसातून तीनदा पाणी. आत जाताना वेगळी साडी, डोक्याला फडकं, नाकाला दवाखान्यातला मुखपट्टा. बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी पिशवीला चिरा द्यायच्या की त्यातून टाचणीच्या डोक्याएवढे कोंब निघायचे आणि तीन दिवसांत करड्या-पांढऱ्या पाकळ्यांचे घोसच्या घोस. प्रत्येक पिशवीला नंबर, आणि भिंतीवर पेन्सिलनं त्या पिशवीतून निघालेलं वजन.

ह्या धंद्यात पैसा आहे का, हे लोक मला अजून विचारतात, मावशींची ओळख आहे म्हणून. मावशींचं उत्तर मला पाठ आहे. एक किलो सुक्या काडाची पिशवी तीन बहर देते. तिन्ही मिळून सातशे ग्रॅम. फार लाड केले तर नऊशे. तीन किलो कधीच नाही, देव आला तरी नाही. शंभर लावल्या तर दहा खराब होणार, हात कितीही स्वच्छ असू देत. माल दोन दिवस टिकतो, तिसऱ्या दिवशी लोळागोळा. त्यामुळे पिकवण्याआधी गिऱ्हाईक हवं. न खपलेलं वाळवायचं, तर दहा किलोचं एक किलो होतं आणि वाळलेलं घेणारा वेगळाच शोधावा लागतो. उन्हाळ्यात खोली तापली की पाणी आणि पंखा दोन्ही पैसा खातात. हे सगळं सांभाळून दोन माणसांचा किराणा आणि वीजबिल निघतं, एखाद्या महिन्यात औषधंही. बंगला निघत नाही. "जो बंगला निघतो म्हणेल," मावशी म्हणायच्या, "तो अळंबी विकत नाहीये, तुम्हाला विकतोय."

चार महिन्यांनी त्यांनी काकांकरवी मला बोलावणं पाठवलं. मला वाटलं, राग गेला. तसं नव्हतं. त्यांना अळंबी घेणारं हॉटेल हवं होतं आणि माझा भाचा एका हॉटेलात मुख्य आचारी आहे हे त्यांना आठवलं होतं. मी ओळख करून दिली. त्यांनी चहा दिला.

आणि मग एके सकाळी टायवाल्याच्या गाडीचा ड्रायव्हर त्यांच्या दारात येऊन उभा राहिला. त्याला मावशी कोण ते ठाऊक नव्हतं. भाजीबाजारात चौकशी करत आला होता. मेळाव्यात स्टेजवर मांडायला ताजा, देखणा माल हवा. आणि बहरलेल्या पाच-सहा पिशव्या, लोकांना दाखवायला. दर महिन्याला.

"केंद्राचा स्वतःचा माल नाही का?" मावशींनी साळसूदपणे विचारलं.

ड्रायव्हर हसला. "असता तर आलो असतो का?"

ते ऐकून आपल्या हातापायांत गारवा शिरला, असं मावशींनी नंतर मला सांगितलं. आनंदाचा गारवा. त्यांनी बाजारभाव सांगितला, एक पैसा जास्त नाही. फक्त एक अट घातली, प्रत्येक वेळी माल मिळाल्याची सही हवी. ड्रायव्हरला काय, त्यानं केली.

"त्याच माणसाला माल देणार तू?" काका चिडले. मशीन थांबवून चिडले, म्हणजे किती चिडले असतील बघा.

"देणार. उत्तम देणार."

पाच महिने त्यांनी उत्तम माल दिला. निवडून निवडून, डाग नसलेले घोस. पिशवीच्या तळाला मात्र नेहमीची चिकटपट्टी असायची. तारीख, नंबर आणि शेपटीचा गोल. तळ कोण बघतंय? स्टेजवर निळ्या दिव्यांत त्यांची अळंबी अशी झळकायची की लोक मोबाइलनं फोटो काढायचे आणि खाली उतरून संच विकत घ्यायचे.

पहिल्याच महिन्यात हे मला कळलं, तेव्हा मी त्यांच्याकडे तडक गेले. "मावशी, तुमच्या मालावर तो लोकांना फसवतोय. हे थांबवा. आत्ताच बोला ना."

"कुणापुढे? चाळीस-पन्नास माणसांपुढे?" त्या काडाला पीळ घालून पाणी निथळवत होत्या. "चार महिन्यांनी त्याचा वार्षिक मेळावा आहे. मोठं नाट्यगृह घेतलंय. आठशे खुर्च्या."

"आणि तोवर जे फसतील ते?"

त्यांनी काड सोडलं आणि माझ्याकडे पाहिलं. "मला सगळे हसत होते तेव्हा त्या हॉलमधल्या कुणी विचारलं, हिचं काय होईल म्हणून? तुम्ही विचारलंत?"

मी खाली मान घालून घरी आले. पण त्या वेळी गप्प बसले ही माझी दुसरी चूक होती, हे लिहून ठेवते.

वार्षिक मेळाव्याच्या दिवशी भर दुपारी नाट्यगृह गच्च भरलं होतं. मावशी तिसऱ्या रांगेत कडेला बसल्या होत्या, पांढरी साडी, केस चापून बसवलेले, मांडीवर कापडी पिशवी. शेजारी काका, आणि काकांच्या शेजारी मी. मला त्यांनी बोलावलं नव्हतं.

टायवाला बोलत होता. टाय नवा होता. त्याच्यामागे लांब टेबलावर सहा पिशव्या, सहाही फुललेल्या. "एक पिशवी, तीन किलो!" तो म्हणाला. "शंभर पिशव्या, तीनशे किलो! गुणाकार येतो ना सगळ्यांना?" लोक हसले. आता तो गावोगाव शाखा देणार होता, आणि शाखेची रक्कम ऐकून मला घाम फुटला.

मावशी उठल्या. घाईनं नाही. ड्युटी संपवून निघाल्यासारख्या पायऱ्या चढून स्टेजवर गेल्या. टायवाल्यानं त्यांना ओळखलं नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही हललं नाही. "मावशी, प्रश्न शेवटी," तो गोड आवाजात म्हणाला.

"प्रश्न नाही, सर. वजन करायचंय." त्यांनी पिशवीतून स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला आणि टेबलावर ठेवला. गोल तबकडीचा, मोठ्या आकड्यांचा. "तुम्ही तीन किलो म्हणालात. तोलून दाखवू या."

आठशे माणसांपुढे नाही कसं म्हणणार? तो हसला, "हो हो, का नाही," आणि ड्रायव्हरकडे बघू लागला. मावशींनी सगळ्यांत भरलेली पिशवी ओढली, प्रत्येक घोसाच्या बुडाशी हात घालून हलका पीळ दिला आणि घोस अख्खा सुटा केला. सगळे घोस काट्यावर ठेवले. पुढच्या रांगेतल्या एका माणसाला वर बोलावलं. "वाचा दादा, मोठ्यानं."

"चारशे वीस."

"चारशे वीस ग्रॅम," मावशी म्हणाल्या. माइक लागत नव्हता. त्यांचा आवाज वाफेच्या यंत्राशी सव्वीस वर्षं भांडलेला. "हा पहिला बहर, सगळ्यांत मोठा. दुसऱ्यात दोनशे येतील, तिसऱ्यात शंभर. उरलेले सव्वादोन किलो कुठून आणणार, सर?"

टायवाल्याचा हसरा चेहरा तसाच राहिला, फक्त कानांचा रंग बदलला. "ही पिशवी जरा हलक्या दर्जाची दिसतेय. आमच्या केंद्रात—"

"तुमच्या केंद्रातली आहे ही?"

"अर्थात! सगळ्या आमच्याच आहेत!"

मावशींनी पिशवी उलटी केली. मग दुसरी. मग तिसरी. सहाही पिशव्या टेबलावर बूड वर करून ठेवल्या आणि चिकटपट्ट्या लोकांकडे वळवल्या. मग ड्रायव्हरच्या सह्यांचे पाच कागद एकेक करून समोर मांडले. "पाच महिने हा माल माझ्या घरून येतोय. ह्यांच्याकडे अळंबीचा एक कोंबसुद्धा उगवत नाही. ह्यांच्या बियाण्याला हिरवी बुरशी येते, ती मी तीनदा तपासलीय. आणि माझ्या पिशव्यांना ती आली, तेव्हा ह्यांनी साठ माणसांपुढे माझा हात धरून सांगितलं की घाण माझ्या हातांत आहे."

आता त्यानं ओळखलं. मला तो क्षण दिसला. मावशींनाही दिसला, आणि त्यांनी तो हातचा जाऊ दिला नाही. पुढे होऊन त्यांनी त्याचं मनगट पकडलं, जसं त्यानं त्यांचं पकडलं होतं, आणि तळवा लोकांकडे फिरवला. मऊ, गुलाबी तळवा, एका बोटात अंगठी. "ह्या हातांनी जन्मात एक तरी पिशवी भरलीय का, विचारा ह्यांना. पिशवीचं तोंड कुठे असतं तेवढं दाखवा म्हणावं."

"ही बाई मला धमकावतेय!" तो ओरडला. "हिचा माल नाकारला म्हणून सूड घेतेय!"

"सूडच घेतेय," मावशी म्हणाल्या. "आणि खरंच बोलतेय."

तेव्हा मी उभी राहिले. मी म्हणाले की मी थिएटरची सिस्टर आहे, त्या दिवशी मी त्या हॉलमध्ये होते, आणि ह्या बाईच्या हातून निघालेलं एकही हत्यार कधी अर्धवट वाफवलेलं नव्हतं. आणखी बोलायचं होतं, पण तोवर मागून खुर्च्या सरकायला लागल्या होत्या. कुणी पैसे परत मागत होतं, कुणी नुसतं शिव्या देत होतं. एक चप्पल स्टेजवर आली. टायवाला पडद्यामागे गेला आणि मागच्या दारानं पळाला.

बाहेर आल्यावर मी मावशींकडे पाहिलं. वाटलं, आता तरी.

"उशीर झाला, सिस्टर," त्या म्हणाल्या. मग वजनकाट्याची पिशवी काखेला लावत, "पण बोललात."

पुढे तक्रारी झाल्या, चौकशी झाली, काही लोकांना थोडेफार पैसे मिळाले, बऱ्याच जणांना नाही. टायवाला गाव सोडून गेला. केंद्राच्या शटरला कुलूप लागलं. मावशी आठवडाभर रोज सकाळी भाजी आणायच्या निमित्तानं तिथून जायच्या आणि कुलूप बघून यायच्या. भाजीबाजार दुसऱ्या दिशेला आहे. जागेच्या मालकानं थकलेल्या भाड्यापोटी आतलं सामान विकायला काढलं, तेव्हा लोखंडी रॅक मावशींनी घेतले, घासाघीस करून, पडत्या भावात. आता त्यांची अळंबी त्याच रॅकवर वाढते. मला दाखवताना त्या म्हणाल्या, "मजबूत आहेत. माणूस पोकळ होता, रॅक नाहीत."

मला वाटलं होतं, गोष्ट इथे संपली. पण त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एक इस्त्रीवाली राहते. तिशीतली, दोन मुली, नवऱ्याचा पत्ता नाही. मेळाव्यानंतर दहा-बारा दिवसांनी ती मावशींच्या दारात आली. मी होते तिथे. ती आत आली नाही.

"मावशी, मी तीन महिन्यांपूर्वी संच घेतला त्याच्याकडनं. स्टेजवरची अळंबी बघून घेतला. सगळा हिरवा झाला." तिचा आवाज चढला नव्हता. "ती अळंबी तुमची होती म्हणतात."

"माझीच होती."

"तो फसवतोय हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

मावशींना खोटं बोलता आलं असतं. मी तर मनातल्या मनात तयारही केलं होतं त्यांच्यासाठी. पण त्यांनी पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "होतं."

इस्त्रीवाली म्हणाली, "मी रोज तुमच्या दारावरून जाते हो," आणि निघून गेली.

त्या दिवशी पहिल्यांदा मी मावशींना काम अर्धवट टाकून बसलेलं पाहिलं. काकांनी पाणी आणून दिलं ते तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः तिच्या घरी गेल्या. माफी मागितली. बियाणं, काड, पिशव्या माझ्याकडून ने, पैसे नकोत, आणि सगळं शिकवते, म्हणाल्या.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"शिकायला येते म्हणाली. बियाण्याचे पैसे देईन म्हणाली. माफ नाही करणार म्हणाली."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? मीही केलं नसतं."

ती दोन महिने आली. उंबऱ्याच्या आत चहा घेतला नाही, एक शब्द जास्त बोलली नाही, पण कामाला पक्की. वाफ किती वेळ, काड किती निथळवायचं, चिरा कुठे द्यायच्या, सगळं एकदाच बघायची. मावशी म्हणायच्या, दवाखान्यात ही हाताखाली असती तर मी दहा वर्षं आधी निवृत्त झाले असते. मग ती यायची बंद झाली. आणि गेल्या महिन्यात माझ्या भाच्यानं मला फोन केला. आता अळंबी दुसरी बाई देते, म्हणाला. माल तसाच, दर किलोमागे पाचव्या हिश्श्यानं कमी.

मी धावत मावशींकडे गेले. त्यांना आधीच कळलं होतं. पाटावर बसून त्या न खपलेली अळंबी वाळवायला चाळणीवर पसरत होत्या.

"त्या भावात तिला काय सुटणार?" मी म्हणाले. "स्वतःचं नुकसान करून घेतेय ती!"

"सुटतं. थोडं सुटतं. मी हिशेब केलाय." त्यांनी एक घोस उजेडात धरून पाहिला. "माल बघून आले मी हॉटेलात जाऊन. स्वच्छ काम आहे. पिशव्यांना चिठ्ठ्यासुद्धा लावते."

"राग नाही आला?"

"आला की. दोन दिवस जेवण गेलं नाही." त्यांनी चाळणी उचलली आणि उन्हात ठेवायला उठल्या. "हे हॉटेल तिचं, सिस्टर. तेवढा तिचा हक्कच आहे. दुसऱ्या गिऱ्हाइकाला हात लावला, तर मग बघू."